चौथ्या कोर्सच्या आधी

कळव्याच्या एका वाचक भगिनींचे चार पानी पत्र आले आहे. त्यांच्या परवानगीने त्याचा गोषवारा देतो. वय ५१, वाशीच्या मसाला मार्केटमध्ये एका गाळ्यावर हिशेबाचे काम, रोजचा प्रवास कळवा ते ठाणे आणि तिथून ट्रान्स-हार्बरने तुर्भे. सहा वर्षांपूर्वी ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे, म्हणजे आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात त्याचे, निदान झाले. दर शनिवारी मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम, रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ५ मिलिग्रॅम, आणि गेल्या वर्षभरापासून दर पंधरा दिवसांनी अडॅलिम्युमॅबचे इंजेक्शन, अशी औषधे चालू आहेत. सांधे सुधारले, पण गेल्या दहा महिन्यांत तीनदा छाती भरली. प्रत्येक वेळी फॅमिली डॉक्टरांनी पाच दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स दिला, बरे वाटले, आणि काही आठवड्यांनी खोकला परत आला. डिसेंबरमध्ये तिसऱ्यांदा तेच झाले तेव्हा वैतागून त्यांनी संधिवाताची सगळी औषधे एका दिवसात बंद केली. तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठताना चक्कर येऊन त्या पडता पडता वाचल्या, आणि पाच आठवड्यांत बोटे इतकी सुजली की कुकरचे झाकण लावता येईना. जानेवारीत त्यांनी सर्व औषधे आपणच पुन्हा सुरू केली. संधिवाततज्ज्ञांना यातले काहीच सांगितलेले नाही, ‘ओरडतील म्हणून’. सासूबाईंच्या मते या गोळ्यांनीच शरीर पोखरले आहे आणि उपाय गुळवेलीच्या काढ्यात आहे. पत्राच्या शेवटी त्या लिहितात : ‘शनिवार जवळ आला की पोटात गोळा येतो. गोळी घेतली तर छाती धरते, न घेतली तर हात धरतात. यातले एक काहीतरी निवडायलाच हवे का?’

ताई, सप्रेम नमस्कार.

सदर छापून येईपर्यंत दिवस जातात, म्हणून हे उत्तर तुम्हाला आधीच स्वतंत्रपणे पाठवले आहे. तुमच्या प्रश्नाकडे मी येईनच. पण तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ शेवटच्या प्रश्नात नसून तिसऱ्या पानावर, जाता जाता आली आहे. ‘आताही तीन आठवडे खोकला आहेच, संध्याकाळी जराशी कणकण वाटते, वजनही दोन किलो उतरले, पण ते काळजीने असेल.’ ते काळजीने असेलही. परंतु अडॅलिम्युमॅब घेणाऱ्या, आपल्या भागात राहणाऱ्या आणि गच्च भरलेल्या लोकलने रोज प्रवास करणाऱ्या माणसाला तीन आठवडे खोकला, सायंकाळची कणकण आणि वजनातील घट एकत्र दिसली, तर क्षयरोग नाही हे सिद्ध होईपर्यंत दुसरे काहीही गृहीत धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. क्षयरोगच झाला आहे असे मी म्हणत नाही. चौथा कोर्स सुरू करण्यापूर्वी तो आहे की नाही हे पाहिले गेले पाहिजे, एवढेच म्हणतो.

यामागचे कारण समजून घेतलेत तर धास्ती कमी होईल आणि निकड कळेल. आपल्या देशात असंख्य लोकांच्या फुप्फुसांत क्षयाचे जंतू केव्हातरी शिरलेले असतात आणि आयुष्यभर निपचित पडून राहतात. शरीराच्या संरक्षक पेशी त्यांच्याभोवती गोल कडे करून त्यांना कोंडून ठेवतात, आणि ते कडे टिकवून धरणारा एक महत्त्वाचा रेणू म्हणजे टीएनएफ. तुमच्या सांध्यांना सूज आणणाराही तोच. म्हणून अडॅलिम्युमॅब त्याला निष्प्रभ करते. सांध्यांना आराम पडतो, पण फुप्फुसातले कडेही सैल होऊ शकते. इंजेक्शन सुरू करण्याआधी एक्स-रे आणि क्षयरोगाची चाचणी झाली होती आणि दोन्ही ठीक होते, असे तुम्ही लिहिले आहे. ते योग्यच झाले. परंतु ती चाचणी त्या दिवसापुरती होती. त्यानंतरच्या वर्षभरात नवा संसर्ग झाला नसेल, याची हमी ती देत नाही.

इथे माझ्याच हातून झालेली एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी संधिवाताच्या एका रुग्णाला न्यूमोनिया समजून मी लिव्होफ्लॉक्सॅसिन दिले. ताप उतरला, खोकला निम्म्यावर आला, आणि मी समाधानाने फाइल मिटली. सात आठवड्यांनी ते गृहस्थ पुन्हा आले तेव्हा निदान झाले ते क्षयरोगाचे. या गटातली अँटिबायोटिके क्षयाच्या जंतूंनाही काही काळ नमवतात. रोग बरा होत नाही, पण झाकला जातो, आणि तपासणीतही चटकन सापडेनासा होतो. तेव्हापासून थुंकीचा नमुना गेल्याशिवाय मी अशा रुग्णाला ते औषध लिहीत नाही. तुमच्या पत्रासोबतच्या चिठ्ठ्यांच्या प्रतींपैकी दुसरी आणि तिसरी चिठ्ठी याच औषधाची आहे.

तेव्हा या आठवड्यातच थुंकीची तपासणी करून घ्या. सरकारी आणि महापालिकेच्या क्षयरोग केंद्रांत ती मोफत होते. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या यंत्रावरच्या तपासणीचा आग्रह धरा, कारण जंतू कमी असले तरी ती त्यांना पकडते आणि नेहमीचे मुख्य औषध लागू पडेल का हेही सांगते. नमुना देताना बहुतेकांची गफलत होते. डबीत लाळ टाकून लोक परततात आणि अहवाल ‘निगेटिव्ह’ आला म्हणून निर्धास्त होतात. सकाळी उठल्याबरोबर साध्या पाण्याने चूळ भरा, दोन-तीन वेळा खोल श्वास घेऊन छातीच्या तळातून खोका, आणि घट्टसर बेडका आला तरच तो डबीत घ्या. हे काम मोकळ्या जागी, गच्चीत किंवा उघड्या खिडकीशी करावे, बंद न्हाणीघरात नव्हे. सोबत छातीचा नवा एक्स-रे काढा. टीएनएफरोधक औषधे घेणाऱ्यांचा क्षय पुष्कळदा फुप्फुसाबाहेर किंवा वेगळ्याच रूपात प्रकटतो, त्यामुळे थुंकी निर्दोष निघूनही कणकण आणि वजनातील घट चालूच राहिली, तर सीटी स्कॅनचा विषय तुम्ही स्वतःहून काढा. निदान झालेच, तर औषधाला दाद देणाऱ्या नेहमीच्या क्षयावर सहा महिन्यांचे मोफत उपचार आहेत, आणि ते चालू असताना संधिवाताचे औषध कसे बदलायचे हे संधिवाततज्ज्ञांना ठाऊक असते.

क्षय नसेल तर? तरीही ‘पुन्हा सर्दी छातीत उतरली’ एवढ्यावर कोणी तुमची बोळवण करू नये. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हा नावापुरता सांध्यांचा आजार आहे. तो फुप्फुसांतही घर करतो. काहींच्या श्वासनलिका कायमच्या रुंदावतात, त्यांत कफ साचतो आणि त्याच जागी पुन्हा पुन्हा संसर्ग होतो. सकाळी उठल्यावर अर्धी वाटी कफ पडतो असे तुम्ही लिहिले आहे, त्यावरून ही शक्यता माझ्या मनात बरीच वर आहे. साध्या एक्स-रेत हे अनेकदा दिसत नाही, सीटीत दिसते. आणि असे असेल तर गोळ्यांइतकाच उपयोग कफ मोकळा करण्याच्या व्यायामांचा होतो, जे एखादा फिजिओथेरपिस्ट दोन बैठकांत शिकवतो. दुसरी शक्यता कोरड्या खोकल्याची, धाप लागण्याची. क्वचित मेथोट्रेक्सेटमुळेच फुप्फुसाला सूज येते, आणि ती हुबेहूब न्यूमोनियासारखी दिसते. तुमचा खोकला ओला आहे, त्यामुळे ते संभवत कमी. पण ज्या वाचकांचा कोरडा असेल आणि जिना चढताना नव्याने धाप लागत असेल, त्यांनी पुढची मात्रा घेण्याआधी डॉक्टरांना गाठावे. रक्तातील साखरही तपासा. स्टेरॉइड ती चढवते, आणि वाढलेली साखर संसर्गाला आमंत्रण देते.

आता तुमच्या शनिवारकडे वळतो.

सगळी औषधे एकदम बंद करणे ही जशी चूक होती, तशी संसर्ग असताना सगळी रेटून घेत राहणे हीसुद्धा चूकच ठरली असती. तुमच्या चार औषधांना चार वेगवेगळे नियम आहेत, आणि ते तुम्हाला कोणी सहा वर्षांत समजावून सांगितले नाहीत याचे मला वाईट वाटते. अँटिबायोटिक घ्यावे लागेल असा संसर्ग झाला, तर मेथोट्रेक्सेट आणि अडॅलिम्युमॅब ही दोन औषधे सर्वसाधारणपणे थांबवतात, आणि कोर्स संपून अंगात ताप-खोकला उरला नाही की पुन्हा सुरू करतात. मेथोट्रेक्सेटचा एक-दोन आठवड्यांचा खाडा बहुतेकांचे सांधे निभावून नेतात. तुमचे हात सुजले ते पाच आठवडे काहीच पोटात न गेल्यामुळे. अडॅलिम्युमॅबचा अंमल ओसरायला तर कित्येक आठवडे लागतात, म्हणून एक इंजेक्शन पुढे ढकलल्याने दुसऱ्या दिवशी सांधे धरत नाहीत, आणि त्याच कारणाने दुसऱ्या दिवशी प्रतिकारशक्तीही परत येत नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन बहुधा चालूच ठेवतात.

चौथे औषध, प्रेडनिसोलोन, हे मात्र स्वतःहून कधीही, एक दिवसही, थांबवायचे नाही. रोज बाहेरून स्टेरॉइड मिळत असल्यामुळे शरीरातल्या अधिवृक्क ग्रंथी, ज्या एरवी ते बनवतात, आळसावलेल्या असतात. आजारपणात शरीराला नेहमीपेक्षा अधिक स्टेरॉइड लागते. नेमक्या त्या वेळी गोळी बंद केली तर रक्तदाब कोसळू शकतो. डिसेंबरात तिसऱ्या दिवशी तुम्हाला आलेली चक्कर खोकल्याने आलेल्या अशक्तपणाची होती असे मी मानत नाही. ती याच कारणाची असावी, आणि तुम्ही थोडक्यात निभावलात. जोराचा ताप असेल तर उलट ही मात्रा काही दिवस वाढवावी लागते, आणि उलट्यांमुळे गोळी टिकत नसेल तर इंजेक्शनासाठी रुग्णालयात जावे लागते. ५ मिलिग्रॅमची मात्राही वर्षानुवर्षे घेतल्यास संसर्गाची शक्यता काही प्रमाणात वाढवते, हे खरे. म्हणून ती कमी करत नेण्याविषयी संधिवाततज्ज्ञांशी जरूर बोला. पण तो उतार पायरी-पायरीने उतरायचा असतो, आणि छाती भरलेली असताना तर नाहीच.

सध्याच्या खोकल्याचा उलगडा होईपर्यंत आणि संधिवाततज्ज्ञांशी बोलणे होईपर्यंत या शनिवारचे मेथोट्रेक्सेट आणि पुढच्या गुरुवारचे इंजेक्शन मागे ठेवा. प्रेडनिसोलोन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू ठेवा. त्यांना फोन या आठवड्यातच करा आणि डिसेंबरचा प्रकार काहीही न लपवता सांगा. ओरडले तर ओरडू देत. रुग्ण खरे सांगतो आहे म्हटल्यावर आमच्यापैकी बहुतेकांचा आवाज दुसऱ्या मिनिटाला खाली येतो.

मग भेटाल तेव्हा त्यांच्याकडून एक कागद लिहून घ्या. माझ्या दृष्टीने साऱ्या पत्राचे उत्तर त्या एका कागदात आहे, कारण अंगात ताप असताना, घरचे चार दिशांनी सल्ले देत असताना आणि दवाखाना रविवारी बंद असताना कोणालाही धड निर्णय घेता येत नाही. तो बरे असतानाच घेऊन ठेवावा लागतो. त्यावर तुमच्या औषधांची नावे आणि मात्रा असाव्यात, ‘मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, शनिवारी’ हे शब्दांत असावे (ही गोळी चुकून रोज घेतल्याने जीव गेल्याची उदाहरणे आहेत), संसर्ग झाल्यास कोणते औषध थांबवायचे, कोणते मुळीच नाही, आणि पुन्हा कधी सुरू करायचे हे असावे. आणखी एक ओळ फॅमिली डॉक्टरांसाठी हवी : मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या रुग्णाला कोट्रायमॉक्साझोल, म्हणजे जुन्या लोकांना सेप्ट्रान म्हणून ठाऊक असलेली गोळी, देऊ नये, कारण दोन्ही मिळून अस्थिमज्जेतले रक्त तयार होणेच रोखू शकतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर असलेल्यांना अ‍ॅझिथ्रोमायसिन देताना हृदयाच्या लयीचा विचार करावा लागतो. लिव्होफ्लॉक्सॅसिनविषयी वर लिहिलेच आहे. स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या टाचेमागची शीर त्याने दुखावते, क्वचित तुटतेही, हे त्यात वाढवा. तुमचे फॅमिली डॉक्टर निष्काळजी आहेत असा याचा अर्थ नव्हे. त्यांच्या समोर दिवसाला साठ माणसे खोकत असतात आणि त्यांतली एकच अडॅलिम्युमॅबवर असते. ती एक कोण, हे त्या कागदाने त्यांना आठवण करून द्यायचे. एक प्रत त्यांच्याकडे, एक घरी औषधांच्या डब्यात आणि एक तुमच्या रेल्वेच्या पासमागे.

तापावर विसंबू नका. स्टेरॉइड आणि तुमचे इंजेक्शन, दोन्ही तापाला दाबून ठेवतात. ज्या न्यूमोनियात शेजारणीला १०३ ताप भरेल त्यात तुम्हाला ९९.८ दिसू शकतो. म्हणून संध्याकाळी पॅरासिटामॉल घेण्याच्या आधी ताप मोजा आणि आकडा लिहून ठेवा. करोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात असेलच. तो लावण्यापूर्वी हात कोमट पाण्यात धरून कोरडे करा, नखांना रंग असेल तर काढा, कारण गार आणि सुजलेल्या बोटांवर हे यंत्र काहीही आकडे दाखवते. स्वस्थ बसल्यावर आकडा सातत्याने ९४ च्या खाली राहिला, मिनिटाला २५ पेक्षा जास्त श्वास मोजले गेले, थुंकीत रक्त दिसले, श्वास घेताना छातीत कळ आली, हुडहुडी भरली किंवा बोलण्यात असंबद्धपणा आला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे आणि दारातच सांगायचे की प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू आहेत.

तुमच्या गाळ्याविषयी. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी मिरची येते तेव्हा पोते उपसताना उडणारा खकाणा मी एकदाच अनुभवला आहे, आणि डोळे पुसत बाहेर पळालो आहे. खकाण्याने जंतुसंसर्ग होत नाही. पण त्याने श्वासनलिकांचे अस्तर चिडते आणि कफ बाहेर ढकलण्याची त्यांची शक्ती घटते, हे मात्र होते. शेठना सांगून हिशेबाचे टेबल पोटमाळ्यावर हलवता आले तर उत्तम. नाहीतर पोती उघडण्याच्या वेळेत एन-९५ मास्क नाकावर घट्ट बसवून वापरा. लोकलमध्येही तोच उपयोगी पडेल. घराच्या डक्टमध्ये कबुतरे बसतात असे लिहिले आहे. ती विष्ठा तुम्ही स्वतः साफ करायची नाही, आणि ज्यांनी करायची त्यांनीही कोरडी झाडायची नाही. पाणी शिंपडून, मास्क लावून काढायची. त्या धुळीने फुप्फुसाला ॲलर्जीची सूज येऊ शकते, आणि तुमच्यासारख्या रुग्णाला तिच्यातून बुरशीचा संसर्गही होऊ शकतो. २०२५ च्या पावसाळ्यात दादरच्या कबुतरखान्यावरून झालेल्या भांडणात श्रद्धेची बाजू पुष्कळ ऐकू आली. फुप्फुसाची बाजू त्या मानाने कमी.

गुळवेलीच्या काढ्याला माझा नकार आहे. जी प्रतिकारशक्ती तुमच्याच सांध्यांवर उलटली आहे, तिला चेतवण्याचा दावा करणारी वस्तू आपण मुद्दाम का घ्यावी? शिवाय करोनाच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या काही रुग्णांची नोंद मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षांवर आक्षेप घेतला, हेही सांगितले पाहिजे. पण मेथोट्रेक्सेटमुळे तुमच्या यकृतावर आधीच नजर ठेवावी लागते. वादग्रस्त वस्तू तिथे घालून प्रयोग करण्याची जागा नाही.

मात्र सासूबाईंचे म्हणणे सगळेच टाकाऊ नाही. या औषधांनी प्रतिकारशक्ती दबते, हे त्यांनी बरोबर ओळखले. त्यांना दुसरी बाजू कळली पाहिजे : आटोक्यात नसलेला आमवात स्वतःच संसर्गाची शक्यता वाढवतो, त्यामुळे औषधे सोडून छाती वाचत नाही. छाती वाचवायची ती लसींनी. तुमच्या चार पानांत लसींचा उल्लेख कुठेच नाही, म्हणजे त्या झालेल्या नसाव्यात. न्यूमोकोकल, म्हणजे न्यूमोनियाच्या एका नेहमीच्या जंतूविरुद्धची, लस कोणत्या प्रकारची आणि किती अंतराने घ्यायची हे डॉक्टर ठरवतील. फ्लूची लस दरवर्षी घ्यायची, आणि आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येत असल्याने ती एप्रिल-मेमध्ये घेतलेली बरी. ती टोचून घ्यायची. नाकात फवारायची जिवंत लस तुमच्यासाठी नाही. सांधे शांत असतील तर फ्लूच्या लसीनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवण्याचा सल्ला हल्ली दिला जातो, कारण त्याने लस अधिक लागू पडते. तेही त्याच कागदावर लिहून घ्या. आणि टोचून घ्यायला जाताना सासूबाईंनाही सोबत न्या. त्या ७६ वर्षांच्या आहेत, तुमच्याच खोलीत झोपतात, आणि पत्रात तुम्ही लिहिल्याप्रमाणे घरात पहिला खोकला दर वेळी त्यांनाच झाला होता.